घड्याळजी आणि श्वासाचा पट्टा

घड्याळजींच्या लेकीने श्वास मोजणारा पट्टा बनवला आणि पहिलं गिऱ्हाईक तिला घरातच सापडलं. पट्टा छातीला बांधायचा. छाती फुगली की आतला सेन्सर ताणला जायचा, लेकीच्या संगणकावर रेघ वर चढायची. श्वास सोडला की उतरायची. आजारी तान्ह्या बाळांसाठी ही सगळी धडपड. शुक्रवारी तिच्या कंपनीतल्या साहेबांना पट्टा दाखवायचा होता. नापास झाला की काम बंद.

"बाबा, तुम्ही फक्त रोजच्यासारखं काम करा," लेक म्हणाली.

श्वास घेणं तर घड्याळजी जन्मापासून करत आलेले. तोऱ्यातच दुकानात जाऊन बसले. संध्याकाळी रेघ पाहून लेकीचा चेहरा उतरला. मधेमधे रेघ सपाट, पोळपाटासारखी.

"अहो, मधेच वर जाऊन येता की काय?" बायको म्हणाली. "जाताच आहात तर माझ्या आईची खुशाली विचारत चला."

"तीच परत पाठवते," घड्याळजी म्हणाले खरे, पण ताट अर्धंच सोडून उठले. आपल्यापायी पोरीचं काम बुडणार.

लेकीने सेन्सर बदलला, पट्टा आवळला. घड्याळजींनीही लेकीसाठी कंबर कसली. नाजुकातली नाजूक घड्याळं पुढ्यात ओढून जीव ओतून काम केलं. रेघ आणखीच सपाट.

गुरुवारी लेक संगणक घेऊन दुकानातच येऊन बसली. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. रेघ थांबली. लेक "बाबा" म्हणायला गेली, पण आवाज फुटेना. तिनेही श्वास रोखून धरलेला. स्प्रिंग जागेवर बसली, दोघांनी हुश्श केलं आणि रेघ धपकन खाली उतरली.

"बाबा, तुम्ही श्वासच धरून ठेवता."

"मी? कधी?" घड्याळजींनी जरा आठवून पाहिलं. "मग काय करू? सोडला तर स्प्रिंग कोपऱ्यात, आणि मी टेबलाखाली रांगतोय."

लेक डोळ्यांत पाणी येईतो हसली. पट्टा शंभर नंबरी खरा होता.

शुक्रवारी घड्याळजी साहेबांसमोर स्प्रिंग घेऊन बसले. रेघ थांबली, स्प्रिंग बसली, रेघ पुन्हा चालू. साहेबांनी पट्टा पास केला आणि स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ हळूच पुढे सरकवलं.

"उद्या," घड्याळजी छातीवरचा पट्टा सोडत म्हणाले. "आज जरा नुसता श्वास घेऊ द्या."