भिंतीला घोंगडी

पुण्याच्या मैत्रिणीकडं आम्ही दोघं एका रविवारी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिचे यजमान मला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गाण्याची आवड आहे ना? बसा इथं." समोर गुडघ्याएवढे दोन स्पीकर होते. काय लावू, म्हणाले. मी माझी नेहमीची मैफल सांगितली. ती मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलेय. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता पोळ्या लाटताना मोबाईलवर. त्यात गाणाऱ्या बाईंची प्रत्येक तान मला पाठ आहे.

बाईंनी सूर लावायच्या आधीच मी खुर्चीत ताठ झाले. मागं दोन तानपुरे वाजत होते. एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि उजवीकडचा जरासा मागं सरकून बसलेला. इतकी वर्षं मला वाटायचं, मागं नुसती एक गुणगुण आहे. त्या गुणगुणीत दोन माणसं मांडी घालून बसली होती आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता! मी इतक्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले की मैत्रीण स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, काही चावलंच.

भोरला परत येताना एसटीत मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, मला स्पीकर घ्यायचेत."

"आहे की टीव्हीखाली तो लांबडा."

"तो नव्हे. खरे."

आमचे हे हायस्कुलात गणित शिकवतात. मी एका कचेरीत कारकुनी करते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गाण्याच्या बाबतीत यांनी लग्नाच्या वेळीच हात वर केले होते. "मला पेटी आणि मिक्सर यांतला फरक कळतो, त्यापुढचं विचारू नकोस."

पण ते नको म्हणाले नाहीत. आणि मला स्पीकरनी झपाटलं. दुपारच्या सुट्टीत डब्यात काय आहे हे न बघता मी जेवायची आणि मोबाईलवर या नादातल्या लोकांची भांडणं वाचायची. कुणी म्हणे अमुक स्पीकरचा आवाज गोड, दुसरा म्हणे गोड कसला, गुळचट. कुणी वायर बदलून आयुष्य बदलल्याचं सांगत होता. मला निम्मं कळायचं नाही, पण त्या भांडणात मजा होती. एवढी मोठी माणसं एका झांजेच्या आवाजावरून हमरीतुमरीवर येतात, म्हणजे त्यात काहीतरी असणारच!

शनिवारची सुट्टी असली की आम्ही पुण्याला दुकानं फिरायचो. माझी गाणी मी पेनड्राईव्हवर घेऊन जायची. दुकानदार मात्र सगळं यांना सांगायचे. "सर, बास बघा. थेट छातीत बसतो."

हे शांतपणे म्हणायचे, "त्यांना सांगा. मी हमाल आहे."

एका दुकानात माझ्या छातीएवढे स्पीकर लावले. डग्गा असा घुमला की गाणाऱ्या बाई त्याच्यामागं दिसेनाशा झाल्या. दुसरीकडचे चकचकीत होते. त्यांत तारा छान झणकारायच्या, पण बाई 'स' म्हणाल्या की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. असं करत करत एका गल्लीतल्या छोट्या दुकानात पोचलो. तिथं फळीवर मावतील असे दोन लाकडी खोके होते, दिसायला अगदी गरीब. दुकानदारानं ते लावले आणि बाई समोर येऊन बसल्या. त्यांच्या आवाजात जराशी खरखर आहे, वयाची. ती तशीच्या तशी आली, कुणी पुसून काढली नव्हती.

"हेच," मी म्हणाले.

"मॅडम, याला बास कमी आहे," दुकानदार म्हणाला.

"डग्गा डग्ग्याएवढाच आहे. बाईंपेक्षा मोठा होत नाही. हेच द्या."

बरोबर एक ॲम्प्लिफायर घेतला, मोबाईलवरचं गाणंही बिनतारी पकडणारा. स्वारगेटला दोन्ही खोकी मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही हाय का?"

"स्पीकर आहेत."

"मग लावा की. घाटापर्यंत तरी करमणूक हुईल."

शिवऱ्याला एक बाबा चढले, आमच्या शेजारी टेकले, खोक्यांवरनं हात फिरवला आणि विचारलं, "सुपारी कुटली हाय?" त्यांना वाटलं, आम्ही लग्नात डीजे लावणारे. हे मान हलवून गंभीरपणे म्हणाले, "भोरची." मी खिडकीकडं तोंड करून हसत राहिले. मला त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं. मांडीवरचा खोका गरम लागत होता, खरं तर माझेच हात तापले होते.

घरी आल्या आल्या हातपाय न धुता जोडाजोडी केली. मैफल लावली. आणि माझं तोंड उतरलं.

बाई जणू विहिरीत बसून गात होत्या. शब्दावर शब्द चढत होता, तबला पत्र्यावर वाजत होता, तानपुऱ्यांचा तर पिठलं झाल्यासारखा एकच गोळा. मी वायरी उलटसुलट केल्या, स्पीकर टेबलावर ठेवले, स्टुलावर ठेवले. काही फरक नाही. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

हे हॉलच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळीच्या मागोमाग 'टर्र्र' असा शेपटासारखा आवाज आला. पुन्हा वाजवली. पुन्हा टर्र्र.

"स्पीकर चांगले आहेत," ते म्हणाले. "हॉल वाईट आहे. दोन्हीकडं कोऱ्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी. आवाज चेंडूसारखा इकडनं तिकडं आपटतोय."

आमचं घर नवं होतं आणि हॉल मोकळा ठेवायचा हा माझाच हट्ट होता. आता त्याच हॉलमध्ये आम्ही कपाटावरच्या सगळ्या गाद्या काढून भिंतींना उभ्या केल्या. गोधड्या दारावर टाकल्या. पुन्हा मैफल लावली, तर बाई विहिरीतून निम्म्या वर आल्या! मी यांच्या पाठीत धपाटाच घातला. पण गाद्या लावून संसार कसा करायचा? शेजारीण साखर मागायला आली ती दारातच थबकली. म्हणाली, "ढेकूण झाले का हो?"

उपाय सापडला तो भोरच्या एसटी स्टँडवर. थंडीचे दिवस होते. बाकावर माझ्या शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या, खांद्यावर घडी घातलेली काळी घोंगडी. मी न विचारता तिला हात लावला. जाड, राकट, दाट.

"काय बगताय ताई?"

"मावशी, ही कुठं मिळते?"

"मिळती कुटली? लोकर आमच्या मेंढ्यांची. इणून घ्येतो." त्यांची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला होती, आणि लेक भोरजवळच्या गावात दिलेली, म्हणून येणंजाणं. घरी आणखी घोंगड्या आहेत म्हणाल्या. मी तिथंच त्यांचा मोबाईल नंबर घेतला.

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. नसरापूरवरनं आत वळलो, विंझरला चहा घेतला, पुढं वेल्हं मागं टाकून कच्च्या रस्त्यानं वर चढलो. मावशी वाटेवर उभ्याच होत्या. त्यांचे मालक मेंढरं घेऊन रानात गेले होते. मावशींनी ओसरीवर घोंगड्या पसरल्या. काही कुळकुळीत काळ्या, काही करड्या, एकीला पांढरी किनार.

"पांगराया पायजेत का हातराया?"

"भिंतीला लावायच्यात," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. "भितीला थंडी वाजती व्हय?"

हे इतके हसले की त्यांना ओसरीवर बसावं लागलं. मी सगळं सांगितलं. गाणं, स्पीकर, भिंतीवरनं आपटून येणारा आवाज. मावशींनी समोरच्या कड्याकडं हात केला. "आमचं बी आसंच. हितनं हाळी दिली की त्यो डोंगूर माघारी वरडतो. मंग कुत्री भुकत्यात." मग म्हणाल्या, "आन मला ऐकाया कवा बोलावताय?"

"कधीही या."

घोंगडी घ्यायच्या आधी मी यांना ती दोन्ही हातांनी उंच धरायला लावली आणि तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या. उघड्यावर त्यातनं काय कळणार होतं देव जाणे, पण मला राहवेना. वस्तीवरची कुत्री खरोखर भुंकायला लागली. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लई याड हाय गं तुला." तुम्हीवरनं तूवर आल्या, ते मला फार गोड वाटलं.

घोंगड्या स्कूटरवर बांधून आणल्या आणि भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकून टांगल्या. काळ्या स्पीकरच्या मागं, करड्या समोर, किनारीची फरशीवर. पहिले काही दिवस घरात मेंढरांचा वास होता. हे शाळेतून आले की दारातनं विचारायचे, "कळप पाणी प्यायला का?" मग मी स्पीकर इंच इंच सरकवत बसले. भिंतीपासून पुढं, जरा आत वळवून, पुन्हा थोडं मागं. आणि एका संध्याकाळी खुर्चीत येऊन बसते तो समोरची भिंतच नाहीशी झाली. बाई मधोमध, तबला त्यांच्या उजव्या हाताला, मागं दोन तानपुरे, दोन वेगळी माणसं. मी हाकच मारली, "अहो, या, लवकर या!"

हे आले, खुर्चीत बसले, डोळे मिटले. मान जराशी डावीकडं कलती केली. मग एकदम म्हणाले, "डावीकडं कुणीतरी खोकलं."

"काय?"

"तिसऱ्या-चौथ्या रांगेतला माणूस. थांब, आता पुन्हा खोकेल. हां! आणि बाई तान घ्यायच्या आधी नाकानं श्वास घेतात, ऐकलंस का?"

मी ऐकलं नव्हतं. पाठ असलेल्या मैफलीतला श्वास मला गणिताच्या मास्तरांनी दाखवला! त्या दिवसापासून आमच्यात खुर्चीवरून भांडणं सुरू झाली. खुर्ची एकच, आणि गाणं नीट दिसतं ते तिथूनच.

मावशी खरंच आल्या, लेकीकडं निघाल्या असताना, दुपारच्या. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आपल्याच घोंगड्या भिंतीवर बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बरी दिसत्यात की!" मी त्यांना खुर्चीत बसवलं, मैफल लावली. थोडा वेळ त्यांनी मान डोलावली, मग भिडस्तपणे म्हणाल्या, "चांगलं हाय. पर समजत न्हाई मला. माज्या मोबाईलातलं लागंल का? लेकीनं भरून दिलंय, आमच्या जत्रंतलं."

मी त्यांचा मोबाईल जोडला. हॉलमध्ये ढोल घुमला. साधं मोबाईलवर घेतलेलं, फाटकंतुटकं रेकॉर्डिंग, पण केवढी गर्दी त्यात! ढोलाच्या मागं झांजा, पोरांचा कालवा, कुठंतरी शिट्टी, मध्येच एक शेळी.

"ही शेळी माजी!" मावशी ओरडल्या. "ही काळी! आवाज वळखती की मी!" त्या हसत होत्या, मांडीवर हात आपटत होत्या. मग एकदम हात वर केला. "थांबीव. पुन्ना लाव."

मी पुन्हा लावलं. त्या पुढं वाकल्या. ढोलाच्या पार मागं, उजवीकडून, एक पुरुषाचा आवाज कुणाला तरी हाका मारत होता. लांबून, पुन्हा पुन्हा.

"आमचं मालक," मावशी म्हणाल्या. "मलाच हाका मारत्यात. ह्ये मी किती येळा ऐकलंय मोबाईलात, कवा आयकूच आलं न्हाई." आणि त्यांनी तिथंच मोबाईल सोडवून घेतला आणि नवऱ्याला फोन लावला. पलीकडं मेंढरांचा गलका येत होता, म्हणून त्याही ओरडूनच बोलत होत्या.

"आवं, जत्रंत तुमी मला हाका मारत व्हता व्हय? ... आवं आत्ता न्हाई, जत्रंत! ... ढोलापाशी! ... कशापायी?" पलीकडचं उत्तर आम्हालाही ऐकू आलं. जिलबी घेतली होती, गरम होती.

"मंग मला कुटं मिळाली? ... म्हंजी तुमीच खाल्ली?"

पलीकडं नुसत्या मेंढ्या.

मावशी फोन ठेवून इतक्या हसल्या की डोळे पुसत बसल्या. हेही हसत होते आणि मी तर उभीच राहू शकत नव्हते. जाताना त्या दारात थबकून म्हणाल्या, "मालकास्नी घिऊन येते. तेंचा आवाज तेंनाच ऐकवते."

मी कचेरीत ही गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्याकडं माणसं येतात, आपापला मोबाईल घेऊन. साखर मागायला आलेल्या शेजारणीनं मुलीच्या बारशातलं पाळण्याचं गाणं आणलं. कचेरीतल्या शिपाईमामांनी सारोळ्याच्या त्यांच्या भजनी मंडळाचं आणलं आणि आपण कुठं बेसूर झालो ते स्वतःच बोट दाखवून सांगितलं. मध्ये मध्ये मी माझी मैफल घुसवते. कधी कुणी दाद देतं, कधी पोह्यांचं विचारतं.

आणि आता घरात नवा वाद पेटलाय. मोबाईलवर घेतलेलं रेकॉर्डिंग फाटतं, म्हणून मावशींकडच्या पुढच्या जत्रेसाठी मला चांगला माईक हवाय. मी एक पसंत केलाय, लांबचं नेमकं पकडणारा. हे म्हणतात, तसला नको, चारी बाजूंचं घेणारा घे. "मग ढोल गर्दीत बुडेल," मी म्हणते. "बुडू दे," हे म्हणतात, "ढोल काय, सगळ्यांनाच ऐकू येतो." कालपासून जेवताना दोघांच्याही हातात मोबाईल आहेत, दोघंही लोकांची भांडणं वाचतोय, आणि आमटी पुन्हा गार झालीय.