सुमनबाईंनी काढलेल्या रिकाम्या ओळी

कर्जतला कचेरीसमोर पंकजचं टायपिंगचं दुकान होतं. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे वीसेक वर्षं, सुमनबाई भिंगारदिवे तिथं टाइपरायटरवर अर्ज नि प्रतिज्ञापत्रं बडवत आल्या होत्या. १९९८ साली पंकजनं कॉम्प्युटर आणला, तेव्हा बाई सेहेचाळीसच्या होत्या. कीबोर्डवर मराठी अक्षरं जुन्या मशिनवरच्याच जागी होती, त्यामुळं बोटं अडली नाहीत. पण सवयीही मशिनच्याच राहिल्या. परिच्छेद संपला की दोनदा एंटर. मथळा मधोमध हवा तर अक्षरं मोजून स्पेस.

कॉलेजातल्या नितीन सरांचा तालुक्यातल्या विहिरींवरचा प्रबंध त्यांनी असाच टाइप केला. दोनशे दहा पानं. सरांच्या मार्गदर्शकांनी तो परत पाठवला. मथळे मोठे हवेत, परिच्छेदांत पूर्ण ओळीऐवजी अर्धीच जागा हवी.

बाईंनी पहिला मथळा मोठा केला आणि खालचं सगळं घसरलं. तक्ता एका पानावर, त्याचं नाव दुसऱ्यावर.

"काकू, राहू द्या. नगरहून करून आणतो," पंकज म्हणाला.

"का म्हणून? माझ्या हातचं काम हाय, मीच नीट करीन."

"एकेक मथळा गाठत बसणार?"

"ते न्हाई करायचं मला. उद्या पुन्हा बदल सांगितला तर? ह्यात काहीतरी सोय असंलच."

कॉम्प्युटरमधली मदतीची पानं इंग्रजीत होती. बाईंनी घरून डिक्शनरी आणली आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेक वाक्य लावायला बसल्या. 'स्टाइल' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. पडद्यावर डावीकडे एका चौकटीत कायम 'नॉर्मल' असं दिसायचं, तिचा अर्थ आता लागला: मजकुराला एक नाव द्यायचं, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या मजकुराचं रूप एकाच जागी ठरवता येतं. चौकट उघडली, तर आत 'हेडिंग वन', 'हेडिंग टू' अशी नावं. फ्लॉपीवर प्रत काढून त्यांनी पहिल्या मथळ्याला 'हेडिंग वन' लावलं.

मथळ्याची एबीसीडी झाली! एक शब्द वाचता येईना.

"सांगत होतो, काकू."

"थांब रे जरा."

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्या हेडिंगला स्वतःचा इंग्रजी फॉन्ट होता. बाईंनी स्टाइलमध्येच मराठी फॉन्ट घातला, आकार वाढवला आणि मथळा ठसठशीत मराठीत उभा राहिला. परिच्छेदाखाली किती जागा सोडायची, तेही तिथंच आकड्यात लिहिता येत होतं. दुसऱ्या एंटरची गरजच नव्हती.

मग त्या पहिल्या पानापासून बसल्या. मथळा दिसला की त्याला हेडिंग लावायचं, रिकामी ओळ दिसली की काढून टाकायची. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. पाचव्या दिवशी दोनशे दहावं पान झालं. अनुक्रमणिकाही आता त्या मथळ्यांवरून कॉम्प्युटरनंच मांडून दिली.

पुढच्या आठवड्यात नितीन सर ओशाळून दारात उभे राहिले. "बाई, मथळे थोडे लहान करा म्हणतात. किती दिवस लागतील?"

"बसा," सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी 'हेडिंग वन'च्या स्टाइलमध्ये, एकाच ठिकाणी आकडा बदलला. नऊही प्रकरणांचे मथळे जागच्या जागी लहान झाले. सर खुर्चीच्या कडेवर टेकले होते, ते उठून पडद्यापाशीच आले.

सर गेल्यावर पंकजनं स्टूल ओढलं. "काकू, मलाबी दाखवा की."

बाई उठल्या आणि आपली खुर्ची त्याच्याकडं सरकवली. "बघून न्हाई यायचं. हितं बस, तू कर. मी सांगते."