गुरुवारपर्यंत थांबवलेला डोळा

आमच्या पट्ट्यात आठवडा गुरुवारी संपतो. पुण्याला रविवारची सुट्टी, हिंजवडीच्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार दोन्ही, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत कंपनीत राबणाऱ्यांना गुरुवार. त्यामुळे सगळंच गुरुवारवर ढकलायची सवय लागते. दाढ दुखतेय, गुरुवारी बघू. नळ गळतोय, गुरुवारी. मेहुण्याशी भांडायचं असलं तरी गुरुवारीच. वीस वर्षं मी असा जगलो आणि फारसं काही बिघडलं नाही, म्हणून ही सवय चांगलीच आहे असं मी धरून चाललो होतो.

कुत्रीचा डोळा बिघडला तो शुक्रवार होता. सुट्टी कालच होऊन गेलेली.

कुत्री आमची म्हणजे, आधी कुणाचीच नव्हती. कंपनीची बस मला जिथं सोडते त्या कोपऱ्यावर ती तांबडी कुत्री बसलेली असायची. एकदा बिस्किटाचा तुकडा टाकला, तर खोलीपर्यंत मागं आली. बायको म्हणाली, "हे दारात नको." दोन महिन्यांनी तीच बायको एक चपाती जास्त लाटायला लागली. नाव काही आम्ही ठेवलं नाही. "ए बाई, सरक" म्हटलं की सरकायची, "ये बाई" म्हटलं की यायची. पहिली शिफ्ट संपवून मी चारला कोपऱ्यावर उतरलो की उठून शेपटी हलवायची आणि मला घरी घेऊन यायची. गावाकडून इथं येऊन इतकी वर्षं झाली, पण बसमधून उतरल्यावर माझी वाट बघणारं दुसरं कुणी मला कधी भेटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी ती डावा डोळा मिटून बसली होती. पाणी गळत होतं, मधेच पंजानं डोळा चोळत होती. खोल्यांच्या मागं मोकळा प्लॉट आहे, त्यात कमरेएवढं गाजरगवत आणि तारांची भेंडोळी. तिथंच काही लागलं असणार. घरी आणून पापणी वर करून बघितली. डोळा लालबुंद.

आता मी वेल्डर माणूस. डोळ्यांचं मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा. तोंडावरच्या मुखवट्याची काच नीट नसली की आम्हाला आर्क लागतो, म्हणजे ठिणगीचा तो निळा उजेड डोळ्यांना भाजतो, आणि मग डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं होतं. त्यावर कंपनीतल्या आमच्या वेल्डिंग शॉपमधल्या सगळ्यांचं एकच औषध: मेडिकलमधून आणलेली एक छोटी बाटली. डॉक्टर कोण विचारतो. दोन थेंब टाकले की सकाळच्या शिफ्टला डोळे स्वच्छ. तशी अर्धी वापरलेली बाटली माझ्या कपाटात होतीच. मी कुत्रीची हनुवटी गुडघ्यावर धरली आणि थेंब टाकले. ती हललीसुद्धा नाही.

शनिवारी लाली उतरली, रविवारी आणखी उतरली. मी सकाळी सहाच्या बसआधी एकदा आणि चारला आल्यावर एकदा औषध टाकत होतो. शॉपमध्ये शेजारी काम करणाऱ्या माझ्या जोडीदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "राव, आपली बाटली जनावरालाही लागू पडली म्हणजे जोरातच आहे." आम्ही हसलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले दोघं.

लाली गेली होती, पण डोळा ती उघडत नव्हती. हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी त्याकडे बघत नव्हतो.

सोमवारी आमच्या घरमालकीण काकू पाणी सोडायला आल्या. जुन्या गावातल्या, एके काळी दारात चार म्हशी असलेल्या. कुत्रीजवळ खाली बसल्या, तोंड उजेडाकडे वळवलं आणि मला म्हणाल्या, "आरं, ह्यो डोळा बरा न्हाई. डाक्टरला दाव हिला."

"लाली उतरली ना काकू. गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा नेतो."

"तिच्या डोळ्याला गुरुवार ठाव हाय व्हय?" एवढंच म्हणून त्या मोटार बंद करायला गेल्या. मला राग आला. खरं सांगतो, म्हातारीला काय कळतंय, असं मनात आलं.

मंगळवारी बुबुळावर धुरकट पडदा दिसला. मी म्हटलं, वय झालं असेल, मोतीबिंदू असेल. बुधवारी डोळ्याच्या मधोमध निळसर पांढरा डाग होता, कडेला पिवळसर चिकट घाण, आणि कुत्रीनं चपातीला तोंड लावलं नव्हतं. बायको म्हणाली, "मी रिक्षा करून नेऊ का आज?"

मी म्हणालो, "उद्या तर गुरुवारच आहे. आजच काय नडलंय?"

त्या आठवड्यात कंपनीत तपासणीला पाहुणे येणार होते. सुट्टी मागितली असती तर सुपरवायझर कुरकुरला असता, पण त्यानं दिली असती. मी मागितलीच नाही. हे मला कुणी विचारलेलं नाही, पण मला माहीत आहे.

गुरुवारी सकाळी बायको कुत्रीला जुन्या चादरीत गुंडाळून गाडीवर मागं बसली. तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत आम्ही अर्धा तास अडकलो. एरवी हॉर्न वाजला की भुंकणारी कुत्री बायकोच्या काखेत तोंड खुपसून गप्प होती.

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं डोळा बघितला आणि विचारलं, "काका, किती दिवस झाले?"

"झाले चार-पाच."

"डोळ्यात काही टाकलंत?"

"नाही. पाण्यानं पुसत होतो."

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी ही जात. बायकोनं पर्स उघडली, ती बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. येताना तिनं ती आठवणीनं घेतली होती. मला सुचलंही नव्हतं.

डॉक्टरनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग कागदाची एक रंगीत पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, डोळा धुतला, खोलीतला दिवा घालवला आणि निळी बॅटरी लावली. बुबुळाच्या मधोमध हिरवागार डाग उभा राहिला. धुतला तरी न गेलेला.

तिनं समजवायच्या आधीच मला समजलं. आमच्याकडे वेल्डिंगचा जोड तपासायला असाच रंग मारतात. वरून जोड चकचकीत दिसतो. रंग लावून पुसला की सगळीकडून निघतो, आणि जिथं तडा असेल तिथंच बसून राहतो. तडा झाकायला वरून पॉलिश मारणाऱ्याला आम्ही शॉपमध्ये आईबहिणीवरून शिव्या देतो. सहा दिवस मी दुसरं काय केलं होतं.

"हे औषध फक्त लाली घालवतं," डॉक्टर म्हणाली. "आत जखम असली की ती भरू देत नाही, उलट वाढवतं. कुत्रं डोळा मिटून बसलं, चोळायला लागलं, की त्याच दिवशी आणायचं, काका. लाली कमी झाली की जास्त, ते बघत बसायचं नाही. डोळा उघडतोय का, ते बघायचं."

"आता काही होईल?"

तिनं कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "शुक्रवारी, शनिवारी आणली असती तर बहुतेक वाचला असता. आता हा डोळा फुटलाय. ठेवला तर दुखतच राहील."

दुपारी डोळा काढला. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो आणि बायको माझ्यापासून एक जागा सोडून बसली होती. ती मला काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाके निघाले, तिथली केसं परत आली. कुत्री खायला लागली. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकते, दाराच्या चौकटीला धडकते, पण कोपऱ्यावर येते. बस थांबली की अख्खी मान वळवून उजव्या डोळ्यानं मला शोधते. त्या वेळी मला बसमधून उतरू नये असं वाटतं. जोडीदाराला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याची बाटली फेकून दिली. माझी मी आधीच फेकली होती.

पण एक गोष्ट मला कशीच निस्तरता येत नाही. त्या सहा दिवसांत तिला सवय लागली. चारला घरी येऊन मी बूट काढले की ती येते, माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवते आणि डावी बाजू वर करून थांबते. औषध राहिलंय असं तिला वाटतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी उठून बाहेर गेलो, तर ती मागं मागं आली. आता मी उठत नाही. तिचं तोंड हातात धरतो, जिथं डोळा होता तिथल्या कातडीवरून अंगठा फिरवतो आणि थेंब टाकायला लागायचा तेवढा वेळ थांबतो. मग झालं असं समजून ती उठते आणि पाणी प्यायला जाते.