पाचव्या ठोक्यावरचा हात

बातमी मला कुणी दिली नाही, मीच सगळ्यांना दिली. फिला गेली, एवढंच फोनवर सांगायचं आणि फोन ठेवायचा... समोरचं माणूस रडायला लागलं की काय बोलावं ते मला कळत नाही. श्रद्धा ही तिची डोंबिवलीची विद्यार्थिनी. तिने एवढंच विचारलं, "अंकल, टेबल कुठेय?" मी वळून बघितलं. शवपेटीला जागा हवी म्हणून भाच्यांनी टेबल उचलून गॅलरीत आडवं करून ठेवलेलं. मी म्हणालो, "आहे. कुठे जातंय ते." तेव्हा ती रडली, आणि पहिल्यांदाच मी फोन ठेवला नाही.

माझी बायको फिलोमिना मुंबईच्या एका कॉलेजात लॅटिन शिकवायची. आम्ही दोघंही ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांतले. आमच्या लहानपणी चर्चमधली मिस, म्हणजे रविवारची प्रार्थना, लॅटिनमध्येच असायची. ती भाषा माझ्या कानावरून गेली आणि फिलाच्या कानात राहिली, एवढाच आमच्यातला फरक. मी सातवीपर्यंत शिकलेलो, कोलशेतला एका कारखान्यात फिटर. मुलगी बघायला गेलेलो तेव्हा तिच्या बापाने आधीच सांगितलं की ही दिवसभर पुस्तकात डोकं घालून असते, चालेल का बघा. मी म्हणालो, "वाचू दे की. मी आवाज करणार नाही." त्या एका वाक्यावर आपण हो म्हटलं, असं फिला नंतर सगळ्यांना सांगायची. आणि पुढे म्हातारपणी तिने माझ्याकडून आवाजच करून घेतला.

ते असं झालं. कॉलेजात लॅटिनला मुलं येईनाशी झाली आणि विषयच बंद पडला. फिला निवृत्त झाली, पण गप्प बसणारी बाई नव्हती ती. वर्तकनगरच्या आमच्या घरात, जेवायच्या टेबलावर, तिने शिकवणं सुरू केलं. येणारी माणसं तीन. त्यातली श्रद्धा वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडांची नावं लॅटिनमध्ये असतात म्हणून आली आणि काव्यात अडकली. फिलाचा नियम एकच, अर्थ शेवटी. आधी ओळ कानाने ऐकायची, मग कुठला शब्द कुठे बसवलाय ते बघायचं, आणि सगळ्यात शेवटी अर्थाला हात लावायचा. त्यांच्या मोठ्या वीरकाव्यांची प्रत्येक ओळ सहा ठोक्यांची. एका ठोक्यात एक लांब आणि दोन आखूड अक्षरं, नाहीतर मग दोन लांब. कुठे काय घ्यायचं ते कवीची मर्जी. पाचव्या ठोक्याला मात्र जवळजवळ नेहमीच लांब-आखूड-आखूड येणार, म्हणजे ओळ संपत आली ते ऐकणाऱ्याला कळतं. हे मला माहीत, कारण ठोके मी द्यायचो. तिला वाचताना दोन्ही हात मोकळे लागत. एक दिवस म्हणाली, "नुसता बसलायस ना, मग टेबलावर ठोके दे." मी कारखान्याच्या सवयीने सगळे एकसारखे दिले. तिने पुस्तक खाली ठेवलं. "अरे पास्कू, पत्रा ठोकतोयस का? इथे माणसं नदी ओलांडतायत." पोरं हसली. मीही हसलो. पण महिन्याभरात लांब आणि आखूड माझ्या मुठीला कळायला लागलं. शब्द मला शेवटपर्यंत कळले नाहीत, ते खोटं कशाला सांगू.

नदीचा तो उतारा तिचा सगळ्यात लाडका. गाव जळतंय, माणसं पळतायत, वाटेत पूर आलेली नदी. एक माणूस काठीने पाण्याचा ठाव घेत पुढे चाललाय, बायको गाठोडं घेऊन मागे. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर फिला महिनेच्या महिने शिकवू शकायची. पाण्यात उतरल्यावर ओळी आखूड मात्रांवर कशा पळतात, ते ती मला दहादा ठोकायला लावायची. पायाखालची वाळू सरकते तशी ओळ सरकली पाहिजे म्हणायची. एकदा तिने टेबलाच्या या टोकाला मिठाची डबी ठेवली, त्या टोकाला लोणच्याची बरणी आणि मधोमध पाण्याचा तांब्या. "ही ओळ अशी आहे," ती म्हणाली. "नवऱ्याचा शब्द पहिला, बायकोचा शेवटचा, आणि मध्ये सगळं पाणी. कवीने अजून काही सांगितलेलं नाही. पण दोघं लांब गेलीत ते डोळ्यांना दिसतंय." पोरं टेबलाकडे बघतच राहिली. मी विचारलं, लोणच्याची बरणी म्हणजे तू का? म्हणाली, "मुरलेली आहे ना, म्हणून." मग मी जे मनात होतं ते बोललो, हा माणूस येडा आहे, बायकोला कुणी मागे ठेवतं का. फिलाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बोलला बघा. हा बाजारात माझ्यापुढे अख्खी गल्ली असतो. मी भाजीवाल्याशी बोलत असते, तेवढ्यात हा स्टेशनला पोचलेला." मी म्हणालो, पाय लांब आहेत माझे.

त्या उताऱ्याच्या शेवटच्या ओळीत मी दर वेळी चुकायचो. माणूस पलीकडे पोचतो, मागे वळतो, आणि त्या ओळीचा पाचवा ठोका कवीने नियम मोडून लांब-लांब घेतलाय. माझ्या मुठीला सवय लांब-आखूड-आखूडची. ती तिथे आली की आपोआप पळायची. मग फिला वाचता वाचताच डावा हात माझ्या मुठीवर ठेवायची, ओळ संपेपर्यंत तसाच दाबून धरायची आणि पुढे वाचायची. ओरडली कधी नाही. मी कितीदा चुकलो असेन आणि तो हात कितीदा आला असेल...

मागच्या वर्षी तिच्या छातीचं दुखणं सुरू झालं. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. तेव्हा तोच उतारा परत लावलेला आणि शेवटची ओळ राहिलेली. मी तिला न विचारता श्रद्धाला फोन करून सांगितलं, आता येऊ नका, बाईला आराम पाहिजे. रविवारी फिला कॉटवरून दाराकडे बघत बसली.

"पोरं का नाही आली?"

"मीच नको सांगितलं."

"ओळ राहिलीय."

"राहू दे. श्वास पुरत नाही तुला."

ती परत दाराकडे बघायला लागली. मग म्हणाली, "नदीत मध्येच सोडू त्यांना?"

माझ्याशी ती भांडली असती तर मी ऐकलं नसतं. पण हे असं विचारल्यावर काय करणार... मी फोन उचलला. पुढच्या रविवारी टेबल ओढत तिच्या कॉटला लावलं. ती डोळे मिटून पडलेली, श्रद्धा वाचतेय, मी ठोके देतोय. पण माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडे. शेवटची ओळ आली. पाचवा ठोका आला आणि माझी मूठ सवयीने पळाली. चादरीतून तिचा हात बाहेर आला आणि माझ्या मुठीवर बसला. एवढीशी बाई झालेली ती, पण हात जड होता. ओळ संपली. मग थांबत थांबत तिने पोरांना समजावलं, "ती बुडाली असं कवी कुठेच म्हणत नाही... बघा. 'तो काठावर उभा राहिला.' एवढंच लिहितो. रडत नाही तो... फक्त पाचव्या ठोक्याला पाय जड करतो." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं. पोचले सगळे."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. एवढी विद्या एका बाईत होती आणि ती माझ्यासाठी चहा करायची, माझ्या डब्याला आमच्याकडचे मैद्याचे गोल फुगे तळायची, याचं मला आज जास्त नवल वाटतं. जवळ असताना वाटलं नाही. तेव्हा ती फक्त फिला होती.

तिच्या नावाची महिन्याची मिस झाली त्या दिवशी श्रद्धा आणि बाकीचे दोघं घरी आले. आम्ही चौघांनी टेबल गॅलरीतून आत आणलं, जिथे होतं तिथेच लावलं. माझ्या बसायच्या जागी सनमायका घासून पांढरा पडलाय, तेवढाच रुपयाएवढा. आता शिकवते श्रद्धा. तिने विचारलं, कुठून सुरू करू? मी म्हणालो, नदीपासून. ती वाचायला लागली, मी ठोके द्यायला लागलो, माणसं पाण्यात उतरली, वाळू सरकली, मिठाची डबी इकडे, बरणी तिकडे. शेवटची ओळ आली. पाचव्या ठोक्याला मी लांब-आखूड-आखूड वाजवलं.

श्रद्धा थांबली. "अंकल, चुकलं."

"परत घे."

तिने परत घेतली. मी परत तसंच वाजवलं आणि मूठ टेबलावर तशीच ठेवली. श्रद्धाने माझ्या मुठीकडे बघितलं, मग पुस्तकात. तीच ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून घेतली, सावकाश, आणि मी पाचव्या ठोक्याची वाट बघत राहिलो.