भाजलेल्या दाण्यांचा वास

"फुफ्फुसांतल्या अगदी बारीक नळ्यांमध्ये व्रण झालेत. त्या नळ्या आता पुन्हा मोकळ्या होत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

मिलिंदने विचारलं, औषध किती दिवस घ्यावं लागेल? त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू. तेव्हा त्याला कळलं. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. मी खिडकीतून पार्किंगमधल्या बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. श्वास आत जातो, पण बाहेर पडायला वाट पुरत नाही. जुनी हवा आतच कोंडून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही.

मिलिंद माझा नवरा. नागपूरचा, पंचेचाळिशी ओलांडलेला इंजिनिअर. आम्ही नेपरव्हिलला राहतो, तो ट्रेनने शिकागोला ऑफिसला जायचा. कॉलेजपासूनची सिगारेट त्याने रियासाठी, आमच्या मुलीसाठी सोडली आणि व्हेप घेतला, म्हणजे सुगंधी लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची बॅटरीवरची नळी. पुढे विकतच्या लिक्विडवर त्याचा भरवसा राहिला नाही. बेसमेंटमध्ये छोटा वजनकाटा, ड्रॉपर आणि बाटल्या मांडून तो स्वतःच मिश्रण करू लागला.

बेफिकीर माणूस नव्हता तो. डायअसेटिल नावाचा लोण्याच्या चवीचा पदार्थ श्वासातून गेला तर फुफ्फुसं खराब करतो, हे त्याने वाचलं होतं. डायअसेटिल नसलेल्याच बाटल्या तो शोधून मागवायचा. त्याची आवडती बाटली वेगळीच होती, असेटिल पायराझिनची. दाणे भाजताना, पाव खरपूस होताना जो खमंग वास येतो, त्यात हा पदार्थ मुळातच असतो. त्याचे एक-दोन थेंब टाकले की गोडसर पाणचट मिश्रणाला भाजलेल्या दाण्यांचा वास यायचा. मी वरून हाक मारायची, कूट करतोयस का रे खाली?

आधी कोरडा खोकला आला. मग घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तो फावड्यावर रेलून उभा राहू लागला. अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात, अँटिबायोटिक दिलं. पुढे दमा म्हणून इनहेलर दिला. एक्स-रे स्वच्छ आला आणि आम्ही त्या आनंदात जेवायला बाहेर गेलो. टेबलापासून गाडीपर्यंत येताना त्याचे ओठ निळसर झाले होते.

मग स्पायरोमेट्री झाली. नळीत जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. तंत्रज्ञ बाई त्याला पुन्हा पुन्हा फुंकायला लावत होती, आणि मी बाहेर बसून तिचं "कीप गोइंग, कीप गोइंग" ऐकत होते. त्याची हवा असायला हवी त्याच्या निम्मीही नव्हती. नंतर श्वास सोडून सीटी स्कॅन, त्यात कोंडलेली हवा काळ्या ठिगळांसारखी दिसली. शेवटी बायॉप्सी, म्हणजे फुफ्फुसाचा छोटा तुकडा काढून तपासणं. प्रत्येक तपासणीनंतर वाट बघायची. वेटिंग रूममधल्या टीव्हीवर कायम घरं सजवण्याचे कार्यक्रम चालू असायचे.

डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या घेऊन यायला सांगितलं होतं. मी बुटांच्या खोक्यात भरून नेल्या. असेटिल पायराझिनचं लेबल मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाव जवळजवळ डायअसेटिलसारखंच, मग हेच ते विष? विकणाऱ्यांना फोन केला तर पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, हे फूड ग्रेड आहे, मॅम.

डॉक्टरांनी मला समजावलं की नावातला एक तुकडा सारखा असला तरी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मग म्हणाल्या, "फूड ग्रेड म्हणजे खाण्यासाठी. पोट जे पचवतं ते फुफ्फुसाला झेपेलच असं नाही. हा पदार्थ तापवून वर्षानुवर्षं श्वासात घेतला तर काय होतं, ते कुणी पुरेसं तपासलेलं नाही. मी याला दोषी म्हणू शकत नाही, आणि निर्दोषही म्हणू शकत नाही."

"मग कोणत्या बाटलीने केलं?" मिलिंदने विचारलं.

"ते कदाचित कधीच कळणार नाही."

हे उत्तर त्याला आजारापेक्षा जड गेलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, त्यांनीही तेच सांगितलं. स्टेरॉइड्सनी चेहरा सुजला, झोप गेली, तो रियावर ओरडू लागला आणि ओरडता ओरडता धापा टाकू लागला. ती "सॉरी, बाबा" म्हणून खोलीत जायची. ट्रान्सप्लांट, म्हणजे फुफ्फुस बदलणं, हा शब्द पहिल्यांदा निघाला त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले. पुढे काय करायचं ते मला खरोखरच सुचत नव्हतं.

घरी आल्यावर मिलिंद अचानक म्हणाला, "सुनीलला दिल्यात मी." सुनील त्याचा नागपूरपासूनचा मित्र, आता इथेच दुसऱ्या राज्यात, आयसेलिनला राहतो. त्याचीही सिगारेट सुटावी म्हणून मिलिंद दर काही महिन्यांनी त्याला त्याच मिश्रणाच्या बाटल्या पाठवायचा.

त्याने फोन स्पीकरवर लावला आणि त्या बाटल्या फेकून दे म्हणून सांगितलं. सुनील हसत म्हणाला, मी तर एकदम ठीक आहे यार, आणि दाणे काय आपण खात नाही? मिलिंद त्याला खाणं आणि श्वास यातला फरक सांगू लागला, पण वाक्याच्या मध्येच त्याचा दम संपला. मी फोन घ्यायला हात पुढे केला, त्याने मानेनेच नको म्हटलं. बराच वेळ त्या फोनवर फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, शिटीसारखा.

"बोलू नकोस," सुनील म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. "बंद केलं मी. आत्ताच. तू बोलू नकोस, मिल्या."

सुनीलची तपासणी नॉर्मल आली, तेव्हा या सगळ्या आजारपणात मिलिंद पहिल्यांदा रडला.

आता चालताना त्याला ऑक्सिजन लागतो. ट्रान्सप्लांटसाठीच्या तपासण्या सुरू आहेत. गेल्या वेळची स्पायरोमेट्री आधीच्या इतकीच आली, खाली गेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात यालाच चांगली बातमी म्हणतात. त्यांनी आम्हाला कधी खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल मी आज त्यांचे आभार मानू शकते. तेव्हा मला त्यांचा रागच यायचा.

तुमच्या घरी कुणी व्हेप करत असेल आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. बाटल्या सोबत न्या. स्वच्छ एक्स-रे आला म्हणून निश्चिंत होऊ नका, आमचा तिथेच वेळ गेला.

संध्याकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंत जातो. तो मध्ये थांबतो. सुरुवातीला मी घाबरून त्याच्या तोंडाकडे बघायची, ठीक आहेस ना, विचारायची. आता विचारत नाही. तो थांबला की मीही थांबते, आणि तो निघाला की निघते.