चंद्रीचा नाच

हे मी कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ नाही, मरायला टेकलेल्या आईजवळही नाही. तुम्हाला सांगतो; माझ्याबद्दल तुमचं मत चांगलं असेल तर ते आधी बाजूला ठेवा.

रनाळ्यात आमची पाटीलकी. पाटीलकी म्हणजे काय हो — मिशीला तूप, दारात घोडी आणि दिवसभर पत्ते. वडिलांनी चंद्री माझ्या हवाली केली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: हरभरा भिजवून घाल, लाखेच्या डाळीच्या पिकाला तोंड लावू देऊ नको, घोड्याचे मागचे पाय जातात. पण हरभरा भिजवायला डाव सोडून उठायचं कुणी? लाखेचं शेत घरामागेच होतं, हिरवंगार. हिवाळाभर मी तिला तिथंच बांधलं आणि मोकळा झालो.

होळीनंतर ती मागचे पाय झटक्यानं पोटापर्यंत उचलू लागली. पळाली की घशातून शिट्टीसारखा आवाज. मला कळलं नाही? कळलं — पहिल्याच दिवशी कळलं. तेवढ्यात पारावरचे म्हणाले, घोडी काय नाचते! अन् मी, बेशरम, म्हणालो, "मी शिकाडं तिले."

झालं, गावोगाव डंका. कोरीटच्या मामांनी मुलाच्या वरातीला चंद्रीच मागितली. नाही म्हणता आलं नसतं? आलं असतं. पण मग खरं सांगावं लागलं असतं, आणि माझी शान — थू त्या शानेवर.

ढोल वाजला, चंद्रीचे पाय उडाले, लोक वाहवा करू लागले. मी लगाम धरून असा मिरवत होतो की नवरदेव मीच. नवरी मागे बैलगाडीत. कोरीटच्या वेशीच्या चढावर घोडीचं मागचं अंग एकदम बसलं आणि मामेभाऊ तिच्याखाली गेला. मांडीचं हाड मोडलं, जन्माचा लंगडा झाला. चंद्री पुन्हा उठलीच नाही.

आणि दोष कुणाला? अजून उंबरा न ओलांडलेल्या त्या पोरीला. मामी छाती पिटत म्हणाली, "पांढरा पायनी शे." मी शेजारीच उभा होतो, हातात लगाम. एक वाक्य पुरलं असतं — मी धोतराची धूळ झटकत राहिलो.

तिचं नाव गिरजा. तेव्हापासून कोरीटमध्ये तिला कुणी हळद दळायला बोलावत नाही, गाभण म्हशीच्या गोठ्यात येऊ देत नाही. वरात दिसली की ती आपणहून दाराआड होते. मला मात्र अजून वाकून नमस्कार करते, थोरला दीर म्हणून. मी तो घेतो.

गेल्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न झालं. हळदीला गिरजा आली, नवं लुगडं नेसून. बायकांनी माझ्याकडे पाहिलं — हिला पुढे घ्यायची का? निदान आता तरी मी खरं बोललो? नाही हो.

"तिले मांगेच बसाडा," मी म्हणालो.

माझं बोलणं संपायच्या आधीच ती उठली होती.