नसरीनच्या टूलमधली चूक

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला माझ्या पोटातलं ओठावर यायच्या आधी कळतं, असा तिचा दावा आहे. हे एक तिला कळलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण विचारू नका. कारण सांगायला लागलो की माणूस हळूच स्वतःची बाजू मांडायला लागतो, आणि मला यात बाजू नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे काय हो, चौदा माणसं, एक एसीची खोली आणि त्या खोलीत सहा सर्व्हर. राज्यभरातल्या दुकानांची, कारागिरांची, मंगल कार्यालयांची यादी आम्ही इंटरनेटवर टाकली होती. गावाचं नाव लिहायचं, काय पाहिजे ते लिहायचं — नाशिक, मांडववाला; त्र्यंबकेश्वर, गुरुजी — की नावं आणि फोन नंबर समोर हजर. शोधायचं काम ते सहा सर्व्हर मिळून करायचे. कुठल्या सर्व्हरवर कुठल्या गावांची यादी ठेवायची, ती वाटणी माझी. त्या वाटणीवरच मी टीम लीडर झालो होतो. आमचे मालक आल्या-गेल्याला काचेतून ती खोली दाखवायचे आणि म्हणायचे, "हे सगळं आमच्या भामरेंचं डोकं बरं का!" मग मीही आत जाऊन उगाच एखादी वायर सारखी केल्यासारखं करायचो. हसा, हसण्यासारखंच आहे ते.

पुढे तक्रारी यायला लागल्या. साइट अडकते, नावं यायला वेळ लागतो. सगळ्यांची नाही, काहींचीच तक्रार. मालक म्हणाले, सर्व्हरवर दिवसभर लक्ष ठेवणारं एखादं टूल बसवा, म्हणजे नेमकं दुखतंय कुठे ते कळेल. कुठलं बसवायचं ते मी ठरवायचं. परदेशी टूल किंमत ऐकूनच बाद झालं. उरली दोन. एक इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेलं. ते सहाही सर्व्हरची सरासरी काढून एक रेघ दाखवायचं — रेघ हिरवी असली की सगळं ठीक. आणि दुसरं नसरीनने स्वतः लिहिलेलं.

नसरीन आमच्याकडे सगळ्यात नवी. मालेगावची पोरगी, घरचे पॉवरलूम, इथे भद्रकालीत खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची. मी सटाण्याकडचा, चिडलो की अजून तोंडातून अहिराणी निघते. तिने हे टूल का लिहिलं ते एकदा डबा खाताना सांगितलं होतं. म्हणाली, "एकूण कापड किती निघालं ते अब्बा संध्याकाळी मोजतात सर. पण दिवसभर त्यांचा कान एकेका मागावर असतो. एकाचा जरी आवाज बदलला, की उठून बरोब्बर त्याच मागापाशी जातात." तिचं टूल तसंच होतं. सरासरी-बिरासरी काही नाही. प्रत्येक शोध कुठल्या सर्व्हरवर गेला, त्याला किती वेळ लागला, त्याची नोंद. सगळ्यात रखडलेले शोध सगळ्यात वर.

सांगतो. येतोच आहे मी तिथे.

मालकांनी ठरवलं, दोन्ही टूल एकेक आठवडा लावून बघायची. जे बरं वाटेल ते ठेवायचं. त्याच्या आधी नसरीनने आपलं टूल अर्धा दिवस चालवून पाहिलं आणि एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मालकांकडे नाही गेली. माझ्याकडे आली. "सर, तीन नंबरचं जरा बघता का? बाकी पाच निवांत आहेत, आणि तीन नंबरवर लोक आठ-आठ सेकंद थांबताहेत. माझीच मोजणी चुकली असेल. साहेबांना दाखवण्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी कागदाकडे बघितलं. मोजणी चुकलेली नव्हती. गावांची वाटणी मी अक्षरावर केली होती, प्रत्येक सर्व्हरवर नावांची संख्या सारखी येईल अशी. 'म' तीन नंबरवर. मनमाड, मालेगाव आणि — मुंबई. आता मुंबईसाठी किती लोक शोधणार आणि इगतपुरीसाठी किती, याचा मी विचारच केला नव्हता. शाळेतल्या पोराने करू नये अशी चूक. त्या चुकीवर बढती घेऊन बसलो होतो मी! सरासरी काढली की ती दिसायची नाही, कारण बाकीचे पाच झाकून न्यायचे. नसरीनचं टूल लावलं की पहिल्याच दिवशी मालकांपुढे उघडी पडणार.

मी तिला म्हणालो, "मोजणीच चुकलीय. बघून ठेवतो." आणि कागद खणात टाकला.

तिथे थांबलो असतो तरी एक वेळ... नाही, 'एक वेळ' नाही. तेही खोटंच होतं. पण लोक घाबरून खोटं बोलतात आणि दोन दिवसांनी कबूलही करतात. मी काय केलं? वाटणी त्याच दिवशी दुरुस्त करता आली असती. पण मग मालकांनी विचारलं असतं, आजवर का नाही केली? आणि दुसरं असं — हे सांगताना कान गरम झालेत — मला तिचा हेवा वाटला. वीस-बावीस वर्षांची पोर, बापाच्या मागावरून एक गोष्ट शिकते आणि माझ्याही पुढे जाते! हे मला सहन झालं नाही.

पहिला आठवडा फुकटच्या टूलचा. हिरवी रेघ, सगळे खूश. पुढच्या सोमवारी नसरीनचं टूल लागलं.

आता ऐका. नवी नावं आली की सगळी यादी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. त्याला आम्ही इंडेक्स बांधणं म्हणायचो. फार जड काम. ते चालू असलं की सर्व्हर धापा टाकतात. म्हणून ते पहाटे आपोआप व्हायचं, त्याची वेळ मी लावून ठेवलेली होती. त्या सोमवारी सकाळी, कोणी यायच्या आत, मी ती वेळ बदलली. पहाटेच्या ऐवजी अकरा वाजता आणि पुन्हा चार वाजता. सहाही सर्व्हरवर. गर्दी नेमकी त्याच वेळी असते. एक ओळ बदलली, एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत.

सोमवार ते शनिवार दुपार. सहा दिवस रोज अकराला सगळं ठप्प, रोज चारला सगळं ठप्प. नसरीनचं टूल बिचारं इमानदारीत सांगत होतं, सगळे सर्व्हर रखडलेत; त्यात तीन नंबर वेगळा उठून दिसेना. ते फक्त शोध मोजायचं. सर्व्हर आणखी काय करतोय ते बघायची सोय तिने अजून लिहिली नव्हती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. मी मालकांना म्हणालो, हे टूल प्रत्येक शोधाची नोंद लिहीत बसतं, त्या लिहिण्यानेच सर्व्हर दमतात. पटण्यासारखं होतं. खोटं बोलायचं तर पटण्यासारखं बोलावं, तेवढी अक्कल मला होती. शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर मी तिचं टूल काढलं. आणि त्याच बैठकीत, त्याच कीबोर्डवर, इंडेक्सची वेळ पुन्हा पहाटेची केली. चार वाजले, तरी सर्व्हर पळतच होते. मालक म्हणाले, "घ्या! राखणदारच पीक खात होता." सगळे हसले. मीही हसलो.

एकाने तरी विचारावं की नाही, की बाबा नक्की टूलमुळेच कशावरून? कोणी नाही विचारलं. ती नवीन होती. मुलगी होती. मालेगावची, मुसलमान होती. ऑफिसात तिच्या बाजूने कोणी बोलणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. मी ते धरूनच चाललो होतो. हे कबूल करताना जीभ जड होते, पण ते खरं आहे.

तिने वाद घातला नाही. पंधरा दिवसांची मुदत मागितली, चूक शोधते म्हणाली. कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर ती टूल चालवून बघायची, पुन्हा पुन्हा. ओळ न् ओळ वाचून काढायची. प्रिंट काढून त्यावर पेन्सिलने खुणा करायची. आणि विचारायला कोणाकडे यायची? माझ्याकडे. "इथे होत नाही सर. तिथेच होत होतं. असं का होत असेल?" मी मान हलवायचो. "चालू साइटवर वेगळंच असतं गं. अनुभवाने कळेल." अनुभवाने! तोंड बघा माझं. ती रोज यायची आणि मी रोज काहीतरी नवीन सुचवायचो — हे तपास, ते तपास. नसलेली चूक शोधायला मी तिला वाटा दाखवत होतो.

पंधरा दिवस संपले. तिने मालकांना लिहून दिलं की चूक सापडली नाही. मग मालकांनी तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं. दोन-तीन महिन्यांनी ती सोडून गेली. जाताना पेढे देऊन गेली सगळ्यांना. मला दोन दिले.

मी नंतर गुपचूप मुंबई वेगळी काढून दोन सर्व्हरवर वाटली. तक्रारी थांबल्या. मालकांनी पाठ थोपटली.

त्यानंतर मी दोन नोकऱ्या बदलल्या. जिथे गेलो तिथे भिंतीवर असा एखादा स्क्रीन असायचाच, हिरव्या रेघा दाखवणारा. माणसं बघून समाधानाने चहाला जायची. मला तो स्क्रीन बघवायचा नाही. कोणी नवं पोरगं टेबलापाशी येऊन "सर, इथे होत नाहीये" म्हणालं की मी त्याच्यावर खेकसायचो. लोकांना वाटायचं, भामरे सर कडक आहेत. कडक कसले! खाई त्याला खवखवे. एकदा मीटिंगमध्ये मागे कोणी तरी कागदावर पेन्सिल घासत होतं, तर मी बोलता बोलता थांबलो आणि पुढचं सुचेचना. बीपी आहे म्हणून सांगितलं. बीपी नव्हतं मला तेव्हा.

सहा वर्षांनी ती मला सीबीएसवर, एसटी स्टँडवर, भेटली. दुपारची वेळ, मालेगावची गाडी लागायची होती. सोबत शाळेच्या वयाच्या दोन मुली. मी तोंड फिरवून निघालोच होतो — हो, निघालोच होतो — पण तिने हाक मारली. "भामरे सर!" एवढ्या आनंदाने मला कोणी हाक मारत नाही. मालेगावात कॉम्प्युटरचे क्लास घेते म्हणाली. ह्या विद्यार्थिनी, परीक्षेला आणल्या होत्या. प्रोग्रॅमिंग? नाही, ते सोडलं सर. आपल्या हातून होत नाही ते कळलं ना. हसूनच सांगितलं तिने, काही राग नाही, काही नाही. मग त्या मुलींकडे वळून म्हणाली, "हेच ते सर. मी सांगते ना तुम्हाला, शंभरदा तपासलं तरी आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून? तेव्हा ह्यांनी मला खूप मदत केली होती." मुलींनी मला नमस्कार केला.

गाडी अजून लागली नव्हती. वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं.

तिने विचारलं, "नंतर तुम्हाला कधी सापडली का हो सर, ती चूक?"

"नाही," मी म्हणालो.

मग गाडी लागली. मुलींना पुढे पाठवून ती एक पाऊल मागे आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला तेव्हा साहेबांपुढे फार खाली बघावं लागलं असेल. तेव्हा सॉरी म्हणायची हिंमत झाली नाही. आज म्हणते. माफ करा सर."

"असू दे," मी म्हणालो. हात वर करून, मोठ्या मनाने. मी तिला माफ केलं.